झाकलेला आकडा, उघडं टेबल: पोकरच्या चालीनं केली पूल खेळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नेमका कुठला खेळ आहे?

केली पूल. अमेरिकेतला जुना खेळ आहे, शिकागोच्या पूल हॉलमध्ये वाढलेला. तो काढल्याचं श्रेय कॅलिस्टस मल्वेनी या शिकागोकराला देतात. नेहमीच्या पूलसारखेच १ ते १५ आकड्यांचे बॉल लागतात. त्यासोबत एक अरुंद तोंडाची बाटली असते आणि तिच्यात १ ते १५ आकडे कोरलेल्या छोट्या गोळ्या. बाटली हलवून प्रत्येकाला एकेक गोळी मिळते. गोळीवरचा आकडा तुमचा, त्या आकड्याचा बॉल तुमचा, आणि तो कुठला हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. आपला बॉल आपण पॉट केला, म्हणजे पॉकेटमध्ये घालवला, की डाव जिंकला. दुसऱ्या कुणी तो घालवला की आपण बाद.

यात आम्ही पोकरसारख्या बोलीच्या फेऱ्या घातल्या आणि त्याची एका संध्याकाळची स्पर्धा केली. पुढचे नियम त्या स्पर्धेचे आहेत. मूळ खेळ जगभर थोडाथोडा वेगळा खेळतात, त्यामुळे ‘आमच्याकडे असं नाही’ म्हणून भांडू नका.

एट-बॉल किंवा नाइन-बॉलवरच बोली का लावत नाही? सगळ्यांना तेच येतं.

लावून बघा, दोन डावांत कंटाळाल. पोकरमध्ये बोलीला रंगत येते ती पत्ते झाकलेले असतात म्हणून. पूलच्या टेबलावर सगळंच उघडं असतं. बॉल समोर दिसतात, कोण किती बरा खेळतो हे क्लबात सगळ्यांना ठाऊक असतं. मग बोली वाढवली तर ती चांगल्या खेळाडूनंच वाढवायची आणि बाकीच्यांनी पत्ते टाकायचे. फसवायला काही उरतच नाही. खरा ब्लफ हवा असेल तर टेबलावर काहीतरी झाकलेलं पाहिजे, आणि केली पूलच्या गोळीत ते आयतं मिळतं. वर बोली लावायचे बरेच प्रकार लोकांनी सुचवले आहेत (दर शॉटला चिप, दर फाउलला चिप), पण झाकलेल्या आकड्याशिवाय ते सगळे नुसते दंड वसूल करण्याचे मार्ग होतात.

मला पोकर येत नाही. जमेल का?

तीन पत्ती येते ना? गणपतीच्या जागरणाला बसला असाल तर निम्मं काम झालंय. बूट तोच, म्हणजे डावाआधी प्रत्येकानं टाकायच्या चिप्स. चाल म्हणजे समोरच्याइतक्या चिप्स टाकणं, वाढवायची असेल तर वाढवणं. पॅक म्हणजे डाव सोडणं. फरक दोनच. इथे ब्लाइंड खेळायचं नाही, गोळी बघावीच लागते. आणि शो मागता येत नाही, कारण शो टेबल करतं.

एक डाव कसा चालतो?

एका टेबलावर पाच ते आठ जण, सहा असले तर उत्तम. प्रत्येकानं बूट टाकला की मार्कर, म्हणजे टेबल सांभाळणारा माणूस, बाटली हलवतो आणि खेळण्याचा क्रम ठरवतो. तो क्रम फळ्यावर लिहिलेला, सगळ्यांना दिसेल असा. मग गोळ्या वाटायच्या. गोळी बघून खिशात टाकायची.

पहिली बोली ब्रेकच्या (रचलेले बॉल फोडणाऱ्या पहिल्या शॉटच्या) आधी. मग ब्रेक आणि खेळ सुरू. नियम रोटेशनचा: टेबलावर जो सगळ्यांत लहान आकडा असेल त्या बॉलला पांढरा बॉल आधी लागला पाहिजे. त्यानंतर कुठलाही बॉल पॉट झाला तरी चालतो आणि तुमची पाळी पुढे सुरू राहते. १ ला लावून कॉम्बिनेशननं (एका बॉलनं दुसऱ्याला ढकलून) ११ घालवला आणि ११ तुमचा असेल, तर तिथेच डाव संपला. गोळी दाखवा, चिप्स उचला.

दुसरी बोली टेबलावर ११ बॉल उरले की, तिसरी ७ उरले की. बॉल थांबेपर्यंत बोलीसाठी कुणी तोंड उघडायचं नाही आणि बोली संपेपर्यंत कुणी क्यूला (खेळायच्या काठीला) खडू लावायचा नाही.

एक सोडून सगळ्यांनी पॅक केलं किंवा सगळे बाद झाले, तर उरलेला माणूस जिंकला. सगळ्यांनी पॅक केलं असेल तर त्यानं गोळी दाखवायची गरज नाही. न दाखवण्यातच मजा आहे.

आधी कुणी बोलायचं?

ज्याच्या हातात क्यू आहे त्यानं. पोकरमध्ये शेवटी बोलणाऱ्याचा फायदा असतो, कारण त्यानं बाकीच्यांचं ऐकलेलं असतं. इथे ज्याचा शॉट आहे त्याच्याकडे आधीच मोठा फायदा असतो. त्याला वर शेवटचा शब्दही दिला तर बाकीच्यांनी काय करायचं?

कुठला आकडा चांगला?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि सगळ्यांना एक सरळ उत्तर हवं असतं. तसं उत्तर नाही, कारण आकडा आणि पाळी मिळून पत्ता होतो.

समजा तुमच्या गोळीवर २ आहे. पाळीत तुम्ही पहिले किंवा दुसरे असाल तर हा एक्का आहे. तुमच्यापर्यंत पाळी येईल तेव्हा २ बहुधा टेबलावरच असेल, आणि त्याच्यावर थेट खेळायची मुभाही असेल. पण पाळीत सहावे असाल तर तोच २ गळ्यात अडकतो. तुमच्या आधीचे पाच जण १ गेला की २ लाच मारणार आहेत, मारायलाच हवं, नियमच तो आहे. त्यातला कुणीतरी तो घालवतो, आणि तुमचा एकही शॉट न होता तुम्ही बाहेर.

१४ किंवा १५ चं उलट. त्याच्यावर थेट खेळायची वेळ क्वचितच येते, त्याआधी दुसरा कुणी डाव संपवतो. पण त्याला चुकून कुणी घालवण्याची भीतीही कमी. मोठा आकडा घेऊन खेळणारा दोन गोष्टींवर जगतो: कॉम्बिनेशन, आणि बाकीच्यांचा पॅक.

मला विचाराल तर ५ ते ८ हे सगळ्यांत अवघड आकडे. ते ना पटकन येतात, ना लपून राहतात. नवखा माणूस ७ बघून खूश होतो आणि दुसऱ्या फेरीत चिप्स ओततो. मग कुणीतरी सहजच तो घालवतो, त्याला माहीतही नसतं तो कुणाचा.

थोडं गणित सांगा ना.

सहा जण खेळत असले तर १५ पैकी ६ बॉलना मालक आहे, ९ बेवारस. तुमचा आकडा सोडला तर उरले १४, त्यातले ५ इतरांचे. म्हणजे टेबलावरचा कुठलाही एक बॉल घेतला तर तो कुणा प्रतिस्पर्ध्याचा असण्याची शक्यता १४ पैकी ५, साधारण ३६ टक्के. आठ जण बसले की ती १४ पैकी ७, म्हणजे बरोबर निम्मी. म्हणूनच आठ जणांच्या टेबलावर माणसं बॉल पॉट होताच एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

कुणी पॅक केलं की त्याची गोळी पालथीच मार्करकडे जाते. त्याचा बॉल आता बेवारस झाला, पण कुठला ते कुणाला कळत नाही. हे लक्षात ठेवा: पॅक करणारा माणूस कमी होतो, माहिती वाढत नाही.

मग ब्लफ करायचा कसा? बॉल तर पॉट करावाच लागतो.

करावाच लागतो असं नाही. तुमचा बॉल गेला नसेल आणि बाकी सगळे पॅक करून बसले, तर चिप्स तुमच्या.

एक नेहमी दिसणारा प्रकार सांगतो. टेबलावर ४ सगळ्यांत लहान आहे आणि कुशनला चिकटलाय. १० कोपऱ्याच्या पॉकेटच्या तोंडावर. गोळीवर १३ असलेला माणूस टेबलाभोवती एक फेरी मारतो, ४ आणि १० च्या रेषेत वाकून बघतो, खडू लावतो, पुन्हा वाकतो. शेवटी ४ वरून १० कडे जाणारा अवघड शॉट घेतो आणि चुकतो. खरं तर त्याला १० शी काही देणंघेणं नाही. पण आता बाकीचे पाच जण समजतात की १० याचा, आणि पुढच्या बोलीत त्यानं वाढवलं की १० पॉकेटच्या तोंडावर बघून दोघंतिघं सोडून देतात.

याची दुसरी बाजू पण आहे. पाचांपैकी जो शहाणा असेल तो आता १० घालवून टाकेल, तुम्हाला बाद करायला. तुम्ही हसत उभे राहाल. तेव्हा मात्र हसू नका.

कसलेला खेळाडू सहसा शॉटमधून नाही, नजरेतून पकडला जातो. गोळी बघितल्यावर माणूस पहिल्यांदा टेबलावर कुठे बघतो ते बघा. बॉल रचलेले असले तरी डोळे आपला आकडा शोधतातच. म्हणून आम्ही गोळ्या वाटताना त्रिकोणावर कापड टाकतो. थोडं नाटकी वाटतं, पण उपयोगी आहे.

माझा बॉल गेला आणि मी गप्प राहिलो तर?

पुढचा शॉट होण्याआधी सांगायलाच हवं. नाही सांगितलंत आणि नंतर कळलं, तर त्या डावात जेवढ्या चिप्स टाकल्या तेवढ्याच पुन्हा भरायच्या. गप्प राहणाऱ्याला फायदा असतो हे उघड आहे: बाद होऊनही तो बोली वाढवत राहील आणि बाकीच्यांना पळवून लावेल. या एका नियमात सवलत दिली तर खेळ संपला. डाव संपल्यावर पंधराही गोळ्या मार्करसमोर मोजून बाटलीत जातात, त्यामुळे लपत काही नाही.

ब्रेकलाच माझा बॉल पडला तर?

ब्रेक तुम्ही केला असेल तर जिंकलात, अभिनंदन, आणि बाकीच्यांच्या शिव्या खा. दुसऱ्यानं केला असेल तर बॉल परत टेबलावर लागतो. ब्रेकला बाद होणं हे खेळणं नव्हे.

फाउल झाला तर?

पाळी गेली, चुकीचा पॉट झालेला बॉल परत जागेवर. चिप्सचा दंड नाही. पांढरा पॉकेटमध्ये गेला तर पुढच्याला तो ब्रेकच्या रेषेमागे हातानं ठेवायला मिळतो.

एखाद्याच्या चिप्स बोलीच्या मध्येच संपल्या तर?

तो आहे तेवढं सगळं लावतो आणि डावात राहतो. बाकीचे पुढे बोलत राहिले तर त्यांच्या जादा चिप्सचा वेगळा ढीग होतो, त्यावर याचा हक्क नाही. एक उदाहरण घ्या. अ कडे २० चिप्स, ब आणि क कडे ६०-६०, आणि तिघांनी सगळं लावलं. मुख्य ढिगात तिघांचे २०-२०, म्हणजे ६०. बाजूच्या ढिगात ब आणि क चे ४०-४०, म्हणजे ८०.

अ नं आपला बॉल घालवला तर तो ६० उचलतो. इथे लोक क्यू ठेवून चहाला जायला निघतात. थांबवा त्यांना. ब आणि क चा डाव ८० साठी सुरूच आहे. पोकरमध्ये पत्ते उघडले की दोन्ही ढिगांचा निकाल एकदमच लागतो, इथे मात्र टेबलावर खेळून लावावा लागतो.

पूर्ण स्पर्धेची रचना काय?

सुरुवातीला प्रत्येकाला १०० चिप्स. बूट १ चा, दर अर्ध्या तासानं दुप्पट: १, २, ४, ८. तो वाढला नाही तर माणसं कोपऱ्यात बसून चांगल्या गोळीची वाट बघत राहतात आणि रात्रीचे अकरा वाजतात. पहिल्या तासात चिप्स संपल्या तर एकदाच पुन्हा ५० मिळतात. दोन तासांनी ज्यांच्याकडे सर्वांत जास्त चिप्स ते सहा जण शेवटच्या टेबलावर. शॉटला ३० सेकंद, बोलीलाही तेवढेच.

पुन्हा चिप्स देणं म्हणजे पोकरवाल्यांची नक्कल ना?

बिलियर्ड्सवाल्यांकडे हे पोकरच्या स्पर्धांपेक्षा जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचे लोक लाइफ पूल खेळत. प्रत्येकाचा वेगळ्या रंगाचा बॉल, तोच त्याचा मारायचा बॉल आणि तेच त्याचं मर्मस्थान. सुरुवातीला सगळ्यांनी ठरावीक रक्कम टाकायची, प्रत्येकाला तीन जीव. तुमचा बॉल कुणी पॉट केला की एक जीव गेला आणि त्याची किंमत त्याच्या हातावर ठेवायची. जीव संपलेला पहिला माणूस पुन्हा रक्कम भरून परत येऊ शकत असे, पण टेबलावर सर्वांत कमी जीव ज्याच्याकडे असतील तेवढेच जीव त्याला मिळत. आमचे ५० चिप्स तिथून उचललेत.

या लाइफ पूलला काळ्या बॉलची भर पडून ब्लॅक पूल झाला. तो आणि पंधरा लाल बॉलचा पिरॅमिड्स यांची सरमिसळ १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्यानं केली आणि स्नूकर जन्माला आला. (हे चेंबरलेन म्हणजे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले नव्हेत.) आज पांढरा शर्ट आणि वेस्टकोट घालून गंभीर चेहऱ्यानं खेळतात तो खेळ पावसात अडकलेल्या अधिकाऱ्यांच्या पैजांमधून आलाय, हे क्लबातल्या ज्येष्ठांना सांगितलं की त्यांना आवडत नाही.

आमच्या क्लबात फक्त स्नूकरचं टेबल आहे. आकड्यांचे बॉल नाहीत.

मग लाइफ पूलच खेळा. पांढरा, लाल, पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी, काळा असे आठ जण सहज बसतात. पांढरा जागेवर ठेवायचा, लाल त्याच्यावर खेळतो, पिवळा लालवर, असं पुढे. समोरच्या बॉलला लागलाच नाहीत किंवा स्वतःच पॉकेटमध्ये गेलात तरी जीव जातो. बोलीची फेरी त्यात नीट बसत नाही, कारण झाकलेलं काही नाही, पण जीवाच्या किमतीवर संध्याकाळ मजेत जाते.

गोळ्यांची बाटली कुठे मिळेल?

ऑनलाइन मिळते. नाही मिळाली तर हाउजीच्या सेटमधल्या १ ते १५ च्या सोंगट्या कापडी पिशवीत घाला. पिशवी जाड कापडाची हवी, बोटांनी आकडा चाचपडता येऊ नये.

खरे पैसे लावले तर काय बिघडतं? पूल हा कौशल्याचा खेळ आहे ना?

पूल आहे. गोळी नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. त्याच्या कलम १३ मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, आणि त्यातला ‘निव्वळ’ हा शब्द इथे तुमच्या विरोधात जातो. तुमचा आकडा नशिबानं ठरतो, त्यावर तुम्ही पैसे लावता, आणि तरी हा जुगार नाही हे पोलिसांना समजावत बसण्यात रात्र जाईल. शिवाय १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. म्हणजे हरलेल्यानं पैसे दिले नाहीत तर कोर्टात मागताही येत नाहीत.

‘गोव्यात चालतं की’ हे नेहमी ऐकू येतं. गोव्यात चालतं ते परवाना घेतलेल्या कॅसिनोत, म्हापशाच्या तुमच्या मित्राच्या गच्चीवर नाही. आणि ॲपवरून पैसे गोळा करून चिप्स वाटायची कल्पना असेल तर तीही सोडा: पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्रानं २०२५ मध्ये कायद्यानं बंदी घातली, आणि तिथे कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही.

मी वकील नाही. आमच्याकडे चिप्सना किंमत नाही, त्या परत घेत नाही, जिंकणाऱ्याला चषक मिळतो. प्रवेश शुल्क टेबलाचं भाडं आणि मार्करच्या मानधनापुरतं.

बघणाऱ्यांना चिप्स लावू द्यायच्या का?

नाही. आणि यावर मी अडून बसतो.

अमेरिकेत पूल आणि गोल्फच्या स्पर्धांत ‘कलकत्ता’ नावाचा लिलाव होतो. स्पर्धेआधी खेळाडूंची बोली लागते, बोलीचे पैसे एकत्र होतात आणि जिंकलेल्या खेळाडूच्या ‘मालका’ला वाटा मिळतो. ऐकायला मजेशीर आहे. पण १९५५ साली न्यूयॉर्कजवळच्या डीपडेल क्लबात अशाच लिलावाच्या गोल्फ स्पर्धेत तरबेज खेळाडू खोट्या नावानं, फुगवलेल्या हँडिकॅपवर (कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीवर) उतरले आणि मोठी रक्कम घेऊन गेले.

स्नूकरचं तर ताजं आहे. स्टीफन ली हा खेळाडू सामने विकल्यावरून २०१३ मध्ये बारा वर्षांसाठी बाहेर गेला. २०२३ मध्ये चीनच्या दहा खेळाडूंवर कारवाई झाली, त्यातल्या लियांग वेनबो आणि ली हांग यांना आजन्म बंदी. झाओ शिनतोंगनं स्वतःचे सामने विकले नव्हते, पण पैजा लावल्या होत्या आणि दुसऱ्याच्या प्रकरणात अडकला होता. त्याला वीस महिने मिळाले. शिक्षा भोगून तो परतला आणि २०२५ मध्ये विश्वविजेता झाला.

आपण क्लबात खेळतो, विश्वस्पर्धेत शेफिल्डला नाही, हे कबूल. पण बाहेरच्या माणसाचा फायदा कुणाच्या हरण्यात असेल तर टेबलावरचा प्रत्येक चुकलेला शॉट संशयास्पद दिसायला लागतो. इथे प्रत्येकजण फक्त स्वतःवर लावतो, तेवढंच पुरे.

दोन मित्र मिळून खेळत असतील तर कसं ओळखायचं?

आकडा एकमेकांना सांगितला असेल तर एक जण दुसऱ्याचा बॉल कधीच घालवत नाही, अगदी पॉकेटच्या तोंडावर असला तरी. पहिल्या डावात हे योगायोग वाटतं, तिसऱ्यात नाही. आम्ही नवरा-बायको, भाऊ-भाऊ आणि एकाच बाइकवरून आलेल्यांना पहिल्या दोन तासांत वेगवेगळ्या टेबलांवर बसवतो. गोळी दुसऱ्याला दाखवताना कुणी सापडलं तर त्या डावापुरते दोघंही बाहेर.

मार्करनं स्वतः खेळावं का?

त्या रात्री नाही. गोळ्या, बोली, बाजूचा ढीग आणि पाळी हे सगळं एका माणसानं सांभाळायचं असतं. वर तो बहुतेक वेळा क्लबातला सगळ्यांत चांगला खेळाडू असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी टेबल रिकामं असलं की त्याच्याशी एक डाव लावा आणि बघा.